कुंतीचा प्रयोग आणि पुष्पकाचं इंधन

कुंतीने खरं तर प्रयोगच केला होता. दुर्वासांनी मंत्र दिला, आणि तो चालतो की नाही हे बघितल्याशिवाय त्या पोरीला राहवेना. तिने सूर्याला बोलावलं. मंत्र चालला. मूल झालं, कवचकुंडलांसकट झालं, आणि मग लोक काय म्हणतील या धास्तीने तिने ते पेटीत घालून नदीत सोडलं. पुढची सगळी गोष्ट त्या पेटीची आहे.

गेल्या गणेशोत्सवात इथे बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात 'पुराणांतील विज्ञान' या विषयावर व्याख्यान झालं. वक्ते तयारीचे, आवाज खणखणीत, पडद्यावर रंगीत चित्रं. कर्ण म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, गांधारीचे कुंभ म्हणजे स्टेम सेलची प्रयोगशाळा, आणि पुष्पक तर काय, विमानच. एकट्या कर्णावर ते वीसेक मिनिटं बोलले असतील. तेवढ्या वेळात नदी एकदाही आली नाही. पेटी आली, पण इनक्युबेटर म्हणून. टाळ्या भरपूर पडल्या. मीही प्रसादाचा पेढा घेऊन घरी आले.

ते तिथेच संपलं असतं. पण मंडळ दर डिसेंबरात मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवतं. व्याख्यान गाजल्यावर सूचना आली की यंदा 'प्राचीन भारतीय विज्ञान' असा वेगळा विभाग ठेवावा, मुलांकडून थर्माकोलचं पुष्पक करून घ्यावं. त्यावर एक निवृत्त इंजिनियर काका उसळले. पुराणातलं एक अक्षर प्रदर्शनाच्या दारात येता कामा नये, हे त्यांचं म्हणणं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर हेच चाललं होतं. मी पस्तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, तेही गुजरातीतून, त्यामुळे दोन्हीकडून 'ताई, तुम्ही बोला ना' सुरू झालं. तेव्हा मी बोलले नाही. घाईत बोलण्यासारखं ते नव्हतं.

मला दिसतं ते असं, की काका आणि वक्ते एकाच चष्म्यातून वाचतात. दोघांनाही पुराण म्हणजे यंत्रसामग्रीची यादी वाटते. एक म्हणतो माल अस्सल, दुसरा म्हणतो बनावट. गोष्ट कशाबद्दल आहे हे दोघेही विचारत नाहीत. यंत्रांच्या आणि प्रयोगांच्या गोष्टी ज्यांनी सुरुवातीला लिहिल्या, ते युरोपातले लेखकही आपापल्या पुराणांकडे गेले होते. तिथून त्यांनी काय उचललं हे नीट बघितलं, तर आमच्या ग्रुपवरचं अर्धं भांडण मिटेल असं मला वाटतं. उरलेलं अर्धं मिटणार नाही, कारण ते खुर्च्यांवरून आहे.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ च्या जानेवारीत छापून आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. लिहायला घेतली १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्या राखेपायी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी वेळ घालवायला भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं. मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा झटका दिला की तो उडतो, हे तेव्हा माहीत झालेलं होतं आणि त्याच्या चर्चा रंगत होत्या. पण पुस्तकाला उपशीर्षक दिलं ते 'आधुनिक प्रोमीथियस'. देवांकडचा अग्नी चोरून माणसाला देणारा, आणि दुसऱ्या एका कथेप्रमाणे मातीतून माणूसच घडवणारा, तो ग्रीक पुराणातला प्रोमीथियस.

आपल्याकडे या कादंबरीचं नाव काढलं की कोणीतरी लगेच 'भस्मासुर' म्हणतो. ही जोडी मला कधीच पटली नाही. भस्मासुर मुळातच असुर. वर मिळाला तसा तो देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो बिननावाचा जीव डोळे उघडतो तेव्हा त्याला कुणाचंच वाईट करायचं नसतं. त्याचे पिवळट डोळे बघून व्हिक्टरच खोलीतून पळ काढतो. मग तो जीव एका झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून एका कुटुंबाला न्याहाळत राहतो. तसाच बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, आणि धीर करून माणसांत जातो तेव्हा मार खातो. सूड मागाहून येतो. पुढे बर्फाच्या डोंगरात तो आपल्या निर्मात्याला गाठतो, आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात प्रश्न एकच असतो: मला घडवलंस, मग टाकलंस का?

आता उद्योगपर्व उघडा. गंगेच्या काठी कर्ण जप करत उभा आहे, आणि त्याचा जप संपेपर्यंत कुंती मागे त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते, कारण तिला ऊन सोसवत नाही. जिने सूर्याला बोलावून घेतलं होतं तिला! ती ओळख सांगते, आणि तो म्हणतो की तू माझं जे केलंस ते शत्रूनेही केलं नसतं. फ्रँकेन्स्टाइनची जोडी लावायचीच असेल तर ती इथे लागते. शेलीने महाभारत वाचलं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण जन्म देण्याची युक्ती हाती आली म्हणजे सांभाळण्याची जबाबदारीही हाती आली का, या प्रश्नापाशी दोन्ही गोष्टी पोहोचतात. शेली तिथे विजेच्या वाटेने गेली, व्यास मंत्राच्या. आणि आमचे वक्ते कर्णाला टेस्ट ट्यूबमध्ये घालून हाच प्रश्न बुचाने बंद करतात.

याच जागी मला कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवतात. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून भारतातलं पहिलं. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कामाला मान्यता मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. गणपतीपुढे कर्णाच्या टेस्ट ट्यूबला टाळ्या वाजल्या तेव्हा हे नाव त्या हॉलमध्ये कोणालाही ठाऊक नव्हतं. वक्त्यांनाही असावं असं वाटलं नाही.

गोष्ट पुरावा म्हणून वाचली की काय होतं याचा एक जुना दाखला केपलरच्या घरातला आहे. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा तोच योहानेस केपलर. चंद्रावर उभं राहून आकाश बघितलं तर पृथ्वी कशी दिसेल, हे सांगण्यासाठी त्याने 'सोम्नियम' म्हणजे स्वप्न अशी एक कथा लिहिली. ती छापली गेली १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पण हस्तलिखित फार आधीपासून हातोहात फिरत होतं. खगोलशास्त्र त्यात काटेकोर आहे. चंद्रावर जायचं कसं, हा प्रश्न मात्र तेव्हाच्या यंत्रविद्येला सुटण्यासारखा नव्हता, म्हणून केपलर सरळ पुराणाच्या दारात गेला. कथेतल्या निवेदकाची आई जडीबुटी विकते, तिला पिशाच्चं वश आहेत, आणि ग्रहणाच्या वेळी पृथ्वीच्या सावलीतून ती पिशाच्चं माणसाला वर नेतात. पुढे १६१५ पासून केपलरच्या खऱ्या आईवर, कॅथरिनावर, चेटकीण असल्याचा आरोप झाला. म्हातारी चौदा महिने कैदेत होती, तिला छळाची हत्यारं दाखवण्यात आली, आणि पोराने स्वतः तिचा बचाव लढवून तिला सोडवलं. आपल्या हस्तलिखितामुळे या आगीत तेल पडलं असं केपलरला वाटत राहिलं. तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही गोष्टीत 'खरं काय' तेवढंच शोधायचं होतं.

आता आमच्या गावाकडे येते, कारण या वादात बडोद्याएवढं गुंतलेलं दुसरं गाव नसेल. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती इथल्या प्राच्यविद्या मंदिरात तयार झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारत केलं, तसं बडोद्याने रामायण. देशभरातल्या पोथ्या गोळा करून, शब्दाला शब्द ताडून, १९६० ते १९७५ या काळात सातही कांडं छापली. याच गावातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२४ आणि १९२५ साली भोजराजाचा 'समरांगणसूत्रधार' दोन भागांत निघाला. संपादक त्रिवेंद्रमचे टी. गणपतिशास्त्री. अकराव्या शतकातला हा ग्रंथ वास्तुशास्त्राचा, पण त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. नाचणाऱ्या बाहुल्या, दारावर पहारा करणारे लाकडी पुरुष, आणि हलक्या लाकडाचा एक मोठा पक्षी, ज्याच्या पोटात पारा आणि खाली अग्नी. 'विमान होतंच' म्हणणाऱ्यांचा हा आवडता अध्याय. त्यातली मला सर्वांत आवडणारी ओळ मात्र ते कधी वाचून दाखवत नाहीत. ग्रंथकार म्हणतो, या यंत्रांची जुळणी सांगितलेली नाही ती गुपित राहावं म्हणून, आम्हाला येत नाही म्हणून नाही.

वाचून मी मोठ्याने हसले होते. कारण हीच युक्ती नंतरच्या प्रत्येक विज्ञानकथाकाराने वापरली आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन प्रेतात जीव कसा भरला हे सांगायला साफ नकार देतो, ऐकणाऱ्याच्याच भल्यासाठी. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या कादंबरीत कालयंत्राचं निकेल, हस्तिदंत आणि स्फटिक दिसतं, पण ते चालतं कसं हे विचारायचं नाही. भोजाला मी लबाड म्हणत नाही. उलट तो या मंडळींचा पूर्वज शोभतो. यंत्राची कल्पना करण्यातली मजा त्याला कळलेली होती, आणि कारागिराला ती दाखवून गोंधळात टाकण्यातही.

शब्दांनीही घोळ घातलाय. रामायणातलं विमान हे मजल्यांचं, गवाक्षांचं प्रासादासारखं प्रकरण आहे; दक्षिणेत देवळाच्या गाभाऱ्यावरच्या शिखराला आजही विमानच म्हणतात. विसाव्या शतकात एरोप्लेन आलं, त्याला आपण हा तयार शब्द दिला, आणि दोन पिढ्यांनी पोथीत तो शब्द दिसल्यावर म्हणू लागलो की बघा, आमच्याकडे होतं. आकाशवाणी, अग्निबाण, दोन्हींची तीच कथा. मराठीत ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी पहिल्यांदा आली ती 'केरळकोकिळ' मासिकातून, 'चंद्रलोकची सफर' या नावाने. चंद्रलोक! इंद्रलोक, पितृलोक यांच्याच रांगेत त्याला बसवलं. वाचकाला तो खडकाळ गोळा ओळखीचा वाटावा म्हणून केलेली ती सोय होती.

बडोद्याचं नाव आणखी एका गोष्टीत येतं. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं आणि ते बघायला सयाजीराव महाराज हजर होते, असं इथल्या निम्म्या घरांत सांगतात. माझे वडीलही सांगायचे. त्या दिवसाचं कात्रण मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. तळपद्यांची ओढ खरी असणार, यात मला शंका नाही. परक्या सत्तेखाली, हातात पुरेसं भांडवल नसताना, वेदात विमान शोधणाऱ्या माणसाची टिंगल माझ्याच्याने होत नाही. महाराजांनी मात्र १८९० साली कलाभवन काढलं, तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला सुरुवात केली, आणि १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चौपाटीच्या गोष्टीपेक्षा हे मला मोठं वाटतं, पण याचं थर्माकोलचं मॉडेल होत नाही.

दुसरा नेहमीचा दाखला 'वैमानिकशास्त्रा'चा. भरद्वाज ऋषींचं म्हणून सांगितलं जाणारं हे पुस्तक पंडित सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली ते तपासलं. मजकूर १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात दिलेली विमानं उडणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालंच. शास्त्रीबुवा पुस्तक सांगत होते त्याच वर्षांत, म्हणजे १९२० साली, प्रागमध्ये कारेल चापेक 'आर. यू. आर.' नाटक लिहीत होता. रोबोट हा शब्द जगाला तिथून मिळाला, मूळ चेक अर्थ वेठबिगारी. कारखान्यात बनवलेले कामकरी बंड करतात, माणसं संपतात, आणि शेवटी दोन रोबोट एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात. उरलेला एकटा म्हातारा माणूस त्यांना आदम आणि हव्वा म्हणून निरोप देतो. म्हणजे शेवट पुन्हा पुराणातच. चापेकने त्याला नाटक म्हटलं, म्हणून तो कारखाना कुठे होता हे आज कोणी विचारत नाही, आणि त्याचा प्रश्न शंभर वर्षांनी जास्तच टोचतो. शास्त्रीबुवांच्या डोक्यात शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी विमानं येत होती. त्यांनी त्यांना कादंबरी म्हटलं असतं, तर आज ते भारतीय विज्ञानकथेच्या आद्य लेखकांत मोजले गेले असते. शास्त्र म्हणाले, आणि अडकले.

'मग आमच्या अभिमानाचं काय?' असं वक्त्यांनी व्याख्यानानंतर एका मुलीला उलट विचारलं होतं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो आठवून पाहा. निमो म्हणजे लॅटिनमध्ये कोणी नाही. ग्रीक पुराणातल्या ओडिसियसने एकडोळ्या राक्षसाला सांगितलेलं नाव त्याच अर्थाचं. पुढच्या कादंबरीत कळतं की हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, बायकामुलं गमावलेला. साम्राज्याविरुद्ध समुद्राच्या तळातून लढणारी पाणबुडी एका फ्रेंच लेखकाने बुंदेलखंडी माणसाच्या हातात दिली, झाशीच्या शेजारच्या माणसाच्या. पराभवाची भरपाई गोष्टीत करून घेणं यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच व्हर्नने १८८० साली नानासाहेब पेशव्यांना खलनायक करून, वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती हिंदुस्थानभर फिरवणारी कादंबरीही लिहिली. तो हत्ती कानपुराहून गेल्याचा दावा अजून तरी कोणी केलेला नाही.

काकांच्या बाजूलाही मला एक विचारायचं आहे. रेवतीची कथा तुम्ही भाकड म्हणून टाकता. राजा ककुद्मी मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे गाणं चाललेलं असतं, ते संपेपर्यंत थांबतो, आणि खाली येतो तर युगं लोटलेली. ज्या राजपुत्रांची नावं मनात होती त्यांच्या नातवंडांचाही पत्ता नाही. माणसं खुजी झालेली. बलरामाला नांगराने रेवतीची उंची कमी करून घ्यावी लागली म्हणतात. वेल्सचा प्रवासी ८,०२,७०१ साली उतरतो तेव्हा त्यालाही जेमतेम चार फुटांची माणसं भेटतात. सापेक्षतावाद यात कुठेही नाही. काळ पुढे गेला की माणूस वाढतो का घटतो, ही शंका मात्र दोन्हीकडे आहे. ती सातवीतल्या मुलाला समीकरणातून पोचत नाही, रेवतीतून पोचते.

आणि कलाभवनाचंच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती: वाटाण्याचा अंकूर कसा वाढतो, ते एकेक चित्र टिपून. तोच कॅमेरा, तीच चिकाटी, आणि १९१७ साली त्याच हातांनी 'लंकादहन'मध्ये मारुतीला उडवला. लंकेत कॅमेरा होता असं फाळके कधी म्हणाले नाहीत. वाटाणा आणि मारुती दोन्ही त्यांच्याकडे सुखाने नांदले, कारण कुठला कशासाठी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

श्रद्धेच्या माणसाला हे सगळं गोष्ट-गोष्ट म्हणणं खटकेल. माझी आई रोज पोथी वाचायची. तिला पुष्पकाचं इंधन काय हे विचारलं असतं तर म्हणाली असती, मन. आणि ते रामायणाला धरूनच आहे. पुष्पकाला तिथे 'कामग' म्हटलंय, इच्छेप्रमाणे जाणारं. तिच्या श्रद्धेला पाऱ्याच्या बॉयलरची गरज पडली नाही. ज्यांना पडते त्यांची श्रद्धा पोथीवर आहे की बोइंगवर, हा मला प्रश्नच आहे.

तर प्रदर्शनाचं. मी मंडळाच्या सचिवांना लेखी सूचना दिली आहे. थर्माकोलचं पुष्पक जरूर करावं. शेजारी आठवी-नववीच्या मुलांनी व्हर्नच्या कादंबरीतल्या, माणसांना चंद्रावर उडवणाऱ्या तोफेचं गणित मांडावं: ९०० फूट नळी, सेकंदाला ११ किलोमीटर वेग, म्हणजे आतल्या प्रवाशांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर, म्हणजे चंद्रावर पोचेल ती चटणी. हे गणित मी वर्गात वर्षानुवर्षं घातलंय. मुलं खूश होतात आणि कादंबरी मागून नेतात. तिसऱ्या टेबलावर कर्णाने कुंतीला लिहिलेली पत्रं, मुलांनीच लिहिलेली, आणि ती तपासायला इंजिनियर काका. ते अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणालेले नाहीत.

पुष्पकाखाली तीन ओळींची पाटी हवी, एवढा माझा हट्ट आहे. मूळ मालक: कुबेर. हिसकावून नेलं: रावणाने. अयोध्येला पोचल्यावर परत पाठवलं: रामाने. सचिवांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "चालेल ताई, पण पाटी जरा लहान ठेवू या."